डोळ्यांपुरते मामाजी

माणूस पाहायचा तो नाकाच्या वरचाच, खालचा भाग देवानं केवळ जेवणखाणाच्या सोयीसाठी जोडून दिला आहे, असं मनापासून मानणारा एकच गृहस्थ आख्ख्या वर्धा जिल्ह्यात होऊन गेला, आणि तो नेमका माझा सासरा निघाला. आमच्याकडे सुना सासऱ्याला मामाजी म्हणतात. मामाजींना जाऊन फार दिवस झालेले नाहीत आणि मी मुळातच सावकाश लिहिणारी, त्यामुळे हे लिहिताना मधूनमधून पेन खाली ठेवावं लागतं. पण त्यांच्याविषयी गळा काढून लिहिलेलं त्यांना आवडलं नसतं. वाचता वाचता त्यांनी दोन्ही भुवया कपाळात चढवून विचारलं असतं, "कोन मेलं?"

मामाजी हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. दिवाळी झाली की कापसाच्या बैलबंड्या यायला लागत आणि सरकीपासून रुई वेगळी करणारी यंत्रं, म्हणजे रेचे, सुरू होत. सरकी एकीकडे, रुई एकीकडे, आणि रुईचा जो बारीक कचरा कुठेच जात नाही तो हवेत. तिथे नाकातोंडावर दुपट्टा बांधल्याशिवाय कोणी पाऊल टाकत नसे. शिवाय रेच्यांचा आवाज इतका, की शेजारच्याच्या कानाशी ओरडलं तरी त्याला फक्त वारा लागावा. म्हणजे तिथली माणसं हंगामभर एकमेकांचे नुसते डोळे पाहत आणि भुवयांनी बोलत. एक भुवई वर म्हणजे काय झालं. दोन्ही वर म्हणजे तेल आण. डोळे मिटून उघडले म्हणजे झालं काम. मामाजींनी यात उभा जन्म काढला. परिणाम असा झाला, की दुपट्टा बांधलेला माणूस त्यांना शंभर पावलांवरून ओळखू येई आणि उघड्या तोंडाचा माणूस समोर येऊन उभा राहिला तरी येत नसे.

किसनाजी हे त्यांचे शेजारच्या रेच्यावरचे सोबती. ते एकदा बाजारात भेटले. "राम राम, भाऊ!" म्हणाले. मामाजींनी राम राम केला खरा, पण अनोळखी वाटसरूला करावा तसा. किसनाजी म्हणाले, "अबे, मी!" मामाजी म्हणाले, "मी म्हंजे कोन?" शेवटी त्यांनी वांग्याची पिशवी खाली ठेवली, पुढे झाले आणि आपला पंजा किसनाजींच्या तोंडावर दाबून धरला. क्षणभर त्या डोळ्यांत पाहिलं आणि भर बाजारात ओरडले, "किसन्या! तू होय बे! मंग आधी सांगाचं नाई का!" किसनाजी हा प्रसंग आमच्या ओसरीवर इतक्या वेळा करून दाखवत, की पिशवीतली वांगीसुद्धा आम्हाला पाठ झाली होती.

पुढे हा पंजा मामाजींच्या अंगवळणीच पडला. कोणी ओळखीचं असल्याचा संशय आला, की पंजा पुढे. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी तलाठ्याच्या तोंडावर हात ठेवला. हा माणूस असा हात ठेवून घेणारा नव्हे. तो घास गिळू शकेना, की थुंकू शकेना. हा तलाठी कधीतरी नाकाला रुमाल लावून जिनिंग पाहायला आला होता, एवढीच त्यांची ओळख. "आता वळखू आले साहेब," असं म्हणून मामाजी समाधानानं पुढच्या पानाकडे सरकले. पानावरची माणसं घाईघाईनं तोंडं पुसू लागली.

बसमध्ये तर मी स्वतः सोबत होते. वडनेरला नात्यात साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता. दुपट्टा नाकापर्यंत ओढून मामाजी खिडकीशी बसलेले. कंडक्टरनं "कुठं?" विचारलं तर त्यांनी एक भुवई वर केली. जिनिंगमध्ये तिचा अर्थ "तू कुठं म्हणतोस?" असा होत असेल, मला ठाऊक नाही. कंडक्टरनं पुन्हा विचारलं. मामाजींनी दोन्ही भुवया वर केल्या. कंडक्टर म्हणाला, "काका, डोळे कोनाले दाखवून राह्यले?" सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "तोंड देल्लं ना देवानं! वडनेर म्हना ना जी!" मामाजी डोळ्यांनी हसले. त्यांचं हसू मी तेवढंच पाहिलं होतं.

कारण आमच्या घराची गंमत अशी, की तिथं सासराच सुनेपुढे तोंड झाकून वावरत असे. दुपट्टा जेवतानाही सुटत नसे. डाव्या हातानं तो किंचित पुढे धरायचा आणि उजव्या हातानं घास खालून आत पाठवायचा. चहाची बशी पडद्याआड जाई आणि रिकामी होऊन बाहेर येई. सासूबाई रोज ताटावर बसता बसता म्हणायच्या, "काढा न जी तो दुपट्टा! भाजी काय गाळून खाता?" मामाजी डोळे मिटून उघडत. झालं काम. मला वाटायचं, हे भांडण सासूबाईंच्या लग्नापासूनचं असेल. जिनिंगमध्ये जन्म गेला, सवय लागली, आता उघड्या तोंडानं त्यांना उघडं उघडं वाटत असेल. मी कधी विचारलं नाही. विचारायचं तर बोलावं लागलं असतं, आणि त्यांच्यापुढे बोलायचं तर तोंडावरचा पदर सुटायची भीती.

आता हा पदर सांगायला हवा. माझा वरचा ओठ जन्मतः फाटलेला होता. लहानपणी नागपूरला नेऊन तो शिवला. शिवण चांगली बसली, पण दिसायची ती दिसतेच, आणि काही अक्षरं अजून नाकातून येतात. माझे वडील रोहण्याला शाळामास्तर. बाहत्तरचा दुष्काळ सरला आणि त्यांनी माझ्या लग्नाचं मनावर घेतलं. पाहुणे येत, पोहे खात, माझ्या ओठाकडे पाहत आणि मग छताकडे पाहत. "कळवतो" म्हणून जात. वडील मला ओसरीवर कुठे बसवायचं याची आदल्या दिवशी तालीम घेत. डावी बाजू भिंतीकडे, उजेड उजवीकडून.

मामाजी आले त्या दिवशी वडिलांनी कपबशा स्वतःच दिल्या. मी खाली मान घालून बसले होते. मला पाहुण्यांच्या धोतराचा काठ तेवढा दिसत होता. मग एक जाडा आवाज आला, "बाई, पदर धर जरा तोंडावर."

वडिलांना वाटलं, ही थट्टा आहे. ते उठून उभे राहिले. "काय म्हणता, भाऊ?"

"तोंडावर पदर धरू द्या, गुरुजी. आमाले असंच पाह्याची सवय हाय."

मी पदर धरला. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते काही पदरानं झाकलं जात नव्हतं. "आता वर पाह्य," आवाज म्हणाला. मी पाहिलं, तर समोरच्या माणसानंही आपला दुपट्टा नाकावर ओढून घेतलेला. वर दोन तपकिरी डोळे, फार जुन्या ओळखीचे असावेत तसे. त्यांनी एक भुवई वर केली. का कोण जाणे, मीही केली. तशी त्यांनी मांडीवर थाप मारली. "बोलली! गुरुजी, पोरगी बोलली! साक्षगंधाचा दिवस काढा."

त्या रात्री वडिलांना जेवण गेलं नाही ते आनंदानं, आणि मला घास जाईना तो भीतीनं. या माणसानं मला पाहिलंच नव्हतं. आला तेव्हा त्याचं लक्ष कुठे होतं, देव जाणे. पाहिलं ते पदरावरचं. ज्या दिवशी पदराखालचं पाहील त्या दिवशी काय? आमच्याच गल्लीतल्या एका मुलीच्या पाठीवर सासरच्यांना पांढरा डाग दिसला आणि तिला आठवड्याच्या आत ट्रंकेसह परत आणून सोडलं होतं. ती त्या ट्रंकेवरच बसून होती, घरात जायला तयार नव्हती. लग्नाच्या हळदीतही मला ती ट्रंक दिसत होती.

सासूबाईंनी पहिल्याच दिवशी माझा ओठ पाहिला. हनुवटीला धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "बरा शिवला व," म्हणाल्या. आणि वर म्हणाल्या, "यायच्यापुढं जरा पदर ठेवत जाजो." ही सगळ्याच घरातली रीत. पण मला ती ताकीद वाटली. मी नवऱ्याला विचारलं, "मामाजींना माहीत आहे ना?" तो वर्ध्याला नोकरीला, तिथेच सिंदी मेघेत खोली करून राहणारा, शनिवारी येऊन सोमवारी जाणारा. त्याचं शिक्षणही बाहेरगावीच मामाकडे झालेलं. बापापुढे तो दोन वाक्यांवर तिसरं बोलत नसे. म्हणाला, "बाचं काय घेऊन बसलीस!" यातून कोणाचीही भीती जाईल असं मला वाटत नाही.

तेव्हा मी पदर धरला, तो धरलाच. गल्लीत माझ्या मर्यादेची ख्याती झाली. "सून असावी तं अशी," बायका आपापल्या सुनांना ऐकवत, आणि त्या सुना माझ्याकडे रागानं पाहत. पुढे मला गावातल्या वाचनालयात काम मिळालं. तिथे कोणी बोलायचंच नसतं, त्यामुळे तिथे मी जगातल्या कोणाहीइतकी शहाणी होते. घरी आले, की दाराशी पदर वर. संध्याकाळी मामाजीही बाहेरून येत. खिडकीतून ते मला दुरून दिसायचे. गल्लीच्या वळणावर थांबून दुपट्टा नीट बांधायचे आणि मग घराकडे निघायचे. त्या वळणावर नाली होती. वासामुळे बांधत असतील, असं मी ठरवून टाकलं होतं. दोघं जेवायला बसलो की अशी शोभा दिसायची: इकडे पदर, तिकडे दुपट्टा, आणि मधे सासूबाई एकट्या उघड्या तोंडानं भात कालवत म्हणायच्या, "मी मानसायत बसली का चोरायत?"

एकदा मात्र पदर घसरला. दोन्ही हात कणकेत होते. पाठीमागे चाहूल लागली म्हणून वळले, तर दारात मामाजी, पाण्याचा रिकामा गडवा घेऊन. आमची दृष्टादृष्ट झाली की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. ते तत्काळ भिंतीकडे वळले आणि तिथलं क्यालेंडर वाचू लागले. मी कोपरानं पदर वर घेईपर्यंत वाचतच राहिले. मग गडवा पुढे केला आणि दोन्ही भुवया वर केल्या. बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "मागच्या सालाचं क्यालेंडर काय वाचून राह्यले जी इतकं?"

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. सायकलची घंटी वाजली की मी दाराकडे पाहायची. रोहण्याला निरोप गेला असेल. वडील येतील, टोपी हातात घेऊन ओसरीवर बसतील. मी माझ्या ट्रंकेकडे पाहायचं टाळत होते. मामाजींच्या डोळ्यांत काही सापडतं का म्हणून चोरून पाहायची. पण नुसत्या डोळ्यांवरून माणूस वाचायची त्यांची विद्या मला कुठे होती! मला पुस्तकं वाचता येत. ते डोळे कधी गंभीर वाटत, तर मी म्हणे, राग. कधी मिश्कील वाटत, तर मी म्हणे, हसतात मला. वडील आले नाहीत. निरोपही नाही. हळूहळू मी मनाची समजूत घातली, की त्यांना दिसलंच नसावं. म्हणजे भीती गेली नाही, पुढे ढकलली गेली. अशी वर्षं गेली. मुलं झाली, त्यांचे ओठ पाहून मी देवाचे आभार मानले, आणि मामाजींपुढचा पदर तसाच राहिला.

मामाजींना जिनिंगचा खोकला होताच. काम सुटल्यावर तो वाढला. या चैत्राच्या अखेरीस श्वास पुरेना, तेव्हा वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात ठेवलं. मी सिंदी मेघेच्या खोलीवर राहून दोन्ही वेळचा डबा नेऊ लागले. सुरुवातीला तिथेही दुपट्टा होता. एका दुपारी गेले, तर त्यांच्या खाटेवर भलताच तरुण मुलगा झोपलेला. माझ्या हातातला डबा जड झाला. नर्सबाई कुठे दिसेना. मी एकेका खाटेशी जाऊन पाहू लागले. सगळे म्हातारे सारखेच दिसत होते, नाकात नळी, तोंड उघडं. पहिली रांग झाली. दुसरी झाली. मामाजी कुठेच नव्हते. खाट रिकामी करून दिली म्हणजे काय झालं असेल, हे मी मनातही उच्चारत नव्हते. एका खाटेवरचा म्हातारा माझ्याकडे टक लावून पाहत होता. त्याच्याकडे दुर्लक्ष करून मी पुढे गेले. परत फिरले, तरी तो पाहतच होता. मग त्यानं हात उचलला. हात हवेत थोडा हलला, आणि त्यानं आपला पंजा स्वतःच्याच तोंडावर ठेवला.

वर ते दोन तपकिरी डोळे होते.

"मामाजी!" मी म्हणाले. म्हणजे ओरडलेच. इतकी वर्षं एका घरात राहून मी सासऱ्याला ओळखलं नव्हतं. नळी लावायची म्हणून त्यांना दुसऱ्या खाटेवर हलवलं होतं आणि दुपट्टा काढून उशाखाली ठेवला होता. त्यांनी पंजा काढला. लहानसं तोंड, खालचे दोन दात नसलेले, हनुवटीवर पांढरे खुंट. दुपट्ट्याखालचा भाग आतापर्यंत वेगळा, उजळ राहिला असेल असं मला वाटायचं. तसं काही नव्हतं. वरच्याइतकाच तो उन्हानं रापलेला होता. मी हसत होते की रडत होते कोण जाणे. पदर केव्हाच खांद्यावर आला होता आणि दोन्ही हातांत डबा होता. ते पाहत होते. या वेळी भिंतीवर क्यालेंडर नव्हतं.

"भाजी कायची आणली?" त्यांनी विचारलं.

"वांग्याची."

त्यांनी डोळे मिटून उघडले.

डबा ठेवल्याबरोबर माझा हात सवयीनं पदराकडे गेला. मी तो तोंडावर घेतला. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं, पायाशी पडलेली चादर ओढली आणि हळूहळू नाकापर्यंत वर घेतली. मी घाबरले. म्हटलं ताप भरला. विचारलं, "थंडी वाजते का, मामाजी?"

"हाव," ते चादरीतून म्हणाले. तसेच, चादर किंचित वर धरून, त्यांनी माझ्या हातून चार घास खाल्ले. त्यानंतर दोनेक दिवसांनी ते गेले.

तेरवीला किसनाजी आले. थकले आहेत. ओसरीवर बसून त्यांनी पुन्हा बाजारातला पंजा करून दाखवला. लोक हसले आणि मग डोळे पुसू लागले. मी आतल्या दाराशी उभी होते. मला वाटलं आपणही काही सांगावं, म्हणून पदराआडून म्हणाले, "जेवतानासुद्धा दुपट्टा सोडायचे नाहीत ते. जिनिंगची सवय, जन्मभर गेली नाही."

किसनाजी माझ्याकडे वळले. "कोन? हा? नाई वो सूनबाई. भोंगा वाजला, का गेटावरच दुपट्टा झटके हा. म्हने, घरी रुई न्याची नाई, बायको खोकलते. आमी सारे खांद्यावर दुपट्टा टाकूनच तं घरी जाऊ."

"पण घरी तर..."

"तू आल्यापासून," सासूबाई म्हणाल्या. त्या पिंपाजवळ बसून तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. "तू पयल्या दिवशी पदर धरून जेवाले बसली. दुसऱ्या दिवसापासून याइनं दुपट्टा घेतला. मी म्हटलं, बुढा चळला. तं म्हने, पोरगी एकलीच झाकून बसते, बरं नाई दिसत."

"त्यांना माहीत होतं?"

"ओठाचं? तुह्या ओसरीवर पाय ठेवल्याबरोबर पाह्यलं त्याइनं. म्हनून तं पदर धर म्हटलं. घरी येऊन म्हने, बाकीचे तिचा ओठच पाहून राह्यले असतीन, तिले कोनी पाह्यलंच नसन."

मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलं कोणी?"

सासूबाईंनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "म्या म्हटलं होतं, सांगून टाका. तं म्हने, सांगितलं तं ती अजून घट्ट धरीन. सोडीन तवा सोडीन." मग म्हणाल्या, "मले वाटे वरीसभर चालन. तुमी दोघं भलते चिवट निंगाले."

किसनाजींनी नाक शिंकरलं.

त्या दिवशी पंगती उठल्यावर घरच्या बायका जेवायला बसल्या. मी पदर खोचून बसले, कमरेला. पलीकडच्या एक-दोघी पाहत होत्या, मग त्यांनी वाढायला घेतलं. सासूबाईंनी माझ्या ताटात भात घातला, वर वरण घातलं, आणि एकदाच माझ्या तोंडाकडे पाहिलं. "आज मानसायत बसल्यासारखं वाटून राह्यलं," म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला.

मामाजींचे दुपट्टे धुऊन घडी करून ठेवले आहेत. जेवताना हल्ली माझा डावा हात रिकामाच असतो, त्याचं काय करावं ते कळत नाही. वाचनालयातून येताना गल्लीच्या त्या वळणावर मी थोडी थांबते. नालीला तसा काही फार वास येत नाही.

आणि राहून राहून ती दुपार आठवते. मी विचारलं होतं, थंडी वाजते का. वर्ध्याचा वैशाख होता, खिडकीचे गज हात लावू देत नव्हते. ते 'हाव' म्हणाले होते.